पातळ केले म्हणजे स्वच्छ झाले, असे नव्हे



दिवाळी आटोपली की आपल्या सोनपेठच्या रस्त्यांवरून उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या धावू लागतात. शाळेत जाता-येता मागच्या ट्रॉलीचा एखादा ऊस ओढून खाल्ला नाही, असा विद्यार्थी आपल्या तालुक्यात सापडणे कठीण! हा ऊस कारखान्यात जातो आणि त्याची साखर होते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण उसाबरोबर शेतातून आणखी काय जाते आणि ते शेवटी कोठे पोहोचते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून आणले. रंग कोऱ्या चहासारखा, वास आंबूस. ते त्याच्या मामाच्या विहिरीचे पाणी होते. त्याने विचारले, "सर, लोक म्हणतात, मळीच्या पाण्यात भरपूर साधे पाणी मिसळून सोडले की काही अपाय होत नाही. हे खरे का?" मी घाईत होतो. "प्रमाण कमी झाले की त्रासही कमी होतो," असे म्हणून मी तासाला निघून गेलो. नंतर मात्र ते उत्तर मला टोचत राहिले. ते पूर्णपणे चूक नव्हते, पण अर्धवट होते. आणि शिक्षकाच्या तोंडचे अर्धवट उत्तर चुकीच्या उत्तराहून वाईट. आज या लेखातून ते उत्तर मी पूर्ण करणार आहे.

मी भौतिकी शिकवतो. रसायनशास्त्राच्या अंगणात मी का शिरतो आहे, असे कोणी म्हणेल. पण पदार्थ मिसळणे सोपे आणि वेगळे करणे अवघड का, हा प्रश्न मुळात भौतिकीचाच आहे.

उसातून काय जाते?

साखर ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांची बनलेली असते. ऊस कार्बन आणि ऑक्सिजन मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतो आणि हायड्रोजन पाण्यातून. म्हणजे साखरेचे पोते गावाबाहेर गेले, तर खरे पाहता हवा आणि पाणीच बाहेर गेले; जमिनीचे त्यात काही गेले नाही.

परंतु ऊस जमिनीतून पोटॅशियमही भरपूर उचलतो. रसाबरोबर ते कारखान्यात येते. साखरेच्या स्फटिकांत त्याला जागा नसते, म्हणून ते मागे उरलेल्या दाट, काळ्या मळीत राहते. मळीत पाणी घालून ती यीस्टने आंबवली की अल्कोहोल तयार होते. यीस्ट साखर खाते, पोटॅशियम जवळजवळ तसेच ठेवते. नंतर ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल उडून वेगळे होते. पोटॅशियमचे क्षार काही उडत नाहीत. ते तळाशी राहिलेल्या तपकिरी, आम्लधर्मी, ऊन पाण्यात उरतात. या पाण्याला कारखान्यात 'स्पेंटवॉश' म्हणतात आणि आपल्याकडची माणसे 'मळीचे पाणी'.

एक लिटर अल्कोहोलमागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याच्या दर लिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम पोटॅशियम असते. आता एक हिशेब करू. समजा, एखादी आसवनी रोज ३०,००० लिटर अल्कोहोल करते. लिटरमागे १० लिटर स्पेंटवॉश धरला, तर रोजचा ३ लाख लिटर झाला. त्यात पोटॅशियम किती? ३,००० किलो! बाजारात मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅश या खतात वजनाने निम्मे पोटॅशियम असते. म्हणजे हे ६,००० किलो खत झाले. ५० किलोची १२० पोती. रोजची. सगळे कधीच हाती लागणार नाही. पण सत्तर टक्के लागले, तरी ८४ पोती होतात.

आणि हेच खत आपण विकत कोठून आणतो? भारतात पोटॅश खनिजाचे उत्पादन होत नाही म्हटले तरी चालेल. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्राएल अशा देशांतून ते जहाजाने येते. ज्या शेतातून पोटॅश उसाबरोबर गेले, त्याच शेताचा मालक समुद्रापलीकडचे पोटॅश पोत्याने विकत घेऊन शेतात टाकतो. आपल्या म्हणीतल्या माणसाला काखेतला कळसा दिसत नव्हता. येथे तर आपण तो कळसा ओढ्यात ओतून गावाला वळसा घालतो!

पाणी मिसळण्याचे अंकगणित

सांडपाण्याचा घातकपणा मोजण्याचे एक माप म्हणजे जैविक प्राणवायू-मागणी. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू संपवतील, ते या मापावरून कळते. घरगुती सांडपाण्यात ती लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. स्पेंटवॉशमध्ये ४० ते ५० हजार मिलिग्रॅम! नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

आता केवळ पाणी मिसळून ४५,००० चे ३० करायचे ठरवले, तर एक लिटर स्पेंटवॉशला सुमारे १,५०० लिटर स्वच्छ पाणी लागेल. आपल्या ३ लाख लिटरसाठी रोज ४५ कोटी लिटर! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. तशा ९०० गाड्या रोज, फक्त घाण पातळ करण्यासाठी! आपल्याच तालुक्यातला गोदावरीवरील खडका बंधारा कोरडा पडला, म्हणून २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. ज्या मुलखात वीज करायला पाणी पुरत नाही, तेथे घाण पातळ करायला पाणी कोठून आणणार?

अर्थात इतके पाणी कोणीच मिसळत नाही. म्हणूनच जेथे जेथे 'मिसळून सोडले' असे सांगितले जाते, तेथे तेथे ते थोडेसेच मिसळलेले असते, असे समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मिसळल्याने लिटरमागचे मिलिग्रॅम कमी होतात; एकूण किलो मात्र तेवढेच राहतात. ३,००० किलो पोटॅशियम एका हौदात असो, की शंभर हौदांत, ते ३,००० किलोच असते. आणि एकदा पसरले, की ते परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. असे का होते, ते आता पाहू.

साका बसतो म्हणजे काय होते?

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात चुन्याची निवळी घाला. लगेच निळसर चोथा दिसू लागतो आणि हळूहळू तळाशी बसतो. द्राक्ष-डाळिंबावर फवारण्याचे बोर्डो मिश्रण असेच करतात. द्रावणातले आयन एकत्र येऊन न विरघळणारा पदार्थ झाला, तो साक्याच्या रूपाने खाली आला. याला शास्त्रात अवक्षेपण म्हणतात.

आता खरी गंमत. एकाच पाण्यात दोन धातू असतील, तर दोन्ही एकदम खाली बसतात काय? नाही! प्रत्येक पदार्थाची विद्राव्यता वेगळी असते. पाण्यात लोह आणि मॅग्नेशियम समप्रमाणात आहेत असे धरा. त्यात अल्कली थेंब थेंब घालू लागलो, तर लोहाचा तांबूस साका पी-एच २ ते ३ च्या सुमारासच सुरू होतो. मॅग्नेशियमचा पांढरा साका पी-एच ९.५ च्या आसपास.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार १० चा उणे ३८ वा घात, तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा १० चा उणे ११ वा घात धरा. दोन्ही धातू लिटरला ०.०१ मोल घ्या. पी-एच ४ ला लोह किती शिल्लक राहते, ते काढा. १० चा उणे ८ वा घात, म्हणजे मुळातल्या लोहाचा दहा लाखांतला एक भाग! आणि मॅग्नेशियम? सगळेच्या सगळे पाण्यात. पी-एच ४ वर थांबून गाळून घेतले, की लोह गाळणीवर आणि मॅग्नेशियम गाळलेल्या पाण्यात. यालाच निवडक अवक्षेपण म्हणतात. हायड्रॉक्साइडऐवजी सल्फाइड, कार्बोनेट किंवा फॉस्फेट वापरूनही अशी निवड करता येते. प्रत्येक धातूला हाक मारण्याचे नाव वेगळे. बरोबर नावाने हाक मारली, की तोच तेवढा उठून बाहेर येतो.

चर्मोद्योगात याचा उत्तम उपयोग झाला आहे. कातडे कमावताना दिलेल्या क्रोमियमपैकी सुमारे दोन-तृतीयांश कातडे धरते, बाकीचे पाण्याबरोबर वाहून जाते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने ते परत मिळवण्याची पद्धत बसवली. क्रोमियमचे हे पाणी वेगळ्या हौदात घ्यायचे, मॅग्नेशियम ऑक्साइड घालून पी-एच ८ च्या जवळपास न्यायचा, बसलेला क्रोमियमचा साका गंधकाम्लात विरघळवायचा आणि तेच द्रावण पुन्हा कातडे कमावायला वापरायचे.

डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरून झालेले हायपोचे द्रावणही फेकून देत नसत. त्यात फिल्मवरची चांदी विरघळलेली असे. ती सल्फाइडच्या साक्यातून, किंवा लोखंडाचा कीस टाकून परत मिळे. ती परत मिळे, कारण हायपो एका डब्यात वेगळा जमवलेला असे. तो मोरीत ओतला असता, तर चांदी तेवढीच राहिली असती, पण ती मिळवायला कोणी आले नसते.

पोटॅशियमचा हट्ट

आपल्या स्पेंटवॉशमधले पोटॅशियम मात्र हट्टी आहे. त्याचे बहुतेक सगळे क्षार पाण्यात विरघळतात. चुना घाला, सोडा घाला, तुरटी घाला. ते ढिम्म हलत नाही. पण त्याचे एक ओळखीचे नाव आपल्या चिंचेत दडलेले आहे. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. या आम्लाचा एक पोटॅशियम क्षार, पोटॅशियम हायड्रोजन टार्टरेट, थंड पाण्यात फार थोडा विरघळतो. लिटरला सुमारे ६ ग्रॅम. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत आतून जे स्फटिक जमतात, ते याचेच.

पुढील प्रयोग तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या किंवा बाईंच्या देखरेखीखाली करा. १०० मिलिलिटर पाण्यात ४.५ ग्रॅम टार्टारिक आम्ल विरघळवा. त्यात २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा थोडा थोडा करून घाला. फेस येईल, तो बसू द्या. दुसऱ्या भांड्यात ५० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवा. दोन्ही द्रावणांतून थोडे थोडे दुसऱ्या प्रयोगासाठी बाजूला काढा: पहिल्यातून १० मिलिलिटर आणि दुसऱ्यातून ५ मिलिलिटर. उरलेली द्रावणे एकत्र करा, काचेच्या कांडीने भांड्याची आतली बाजू घासा आणि वाट पाहा. वाळूसारखे पांढरे स्फटिक तळाशी बसू लागतील. पोटॅशियमला आपण बोलावले आणि ते आले!

आता दुसरा भाग. बाजूला काढलेल्या १० मिलिलिटरमध्ये ९० मिलिलिटर पाणी घाला आणि ५ मिलिलिटरमध्ये ४५ मिलिलिटर. मग ही दोन्ही एकत्र करा. कांडी कितीही घासा, तासभर थांबा, रात्रभर ठेवा. स्फटिक येणार नाहीत. पदार्थ तेच, त्यांचे आपसांतले प्रमाणही तेच. फक्त पाणी दहापट झाले.

असे का झाले? साका बसल्यानंतरही प्रत्येक लिटर पाणी आपला वाटा स्वतःजवळ ठेवून घेते. टार्टरेटच्या बाबतीत हा वाटा लिटरला सुमारे ६ ग्रॅम. एका लिटरमध्ये ६६ ग्रॅम असतील, तर ६ पाणी ठेवील आणि ६० आपल्याला मिळतील. तेच ६६ ग्रॅम १० लिटर पाण्यात असतील, तर पाणी दहा वेळा ६, म्हणजे ६० ठेवील आणि आपल्याला ६ मिळतील. १२ लिटरमध्ये असतील, तर काहीच मिळणार नाही. पाणी म्हणजे प्रत्येक लिटरमागे ठराविक पट्टी घेणारा अडत्या! जितके लिटर वाढवाल, तितकी त्याची पट्टी वाढणार.

येथे भौतिकीचा दुसरा नियम डोकावतो. शाईचा थेंब पाण्यात आपोआप पसरतो. पसरलेली शाई आपोआप पुन्हा थेंब होत नाही. मिसळणे फुकट, वेगळे करणे विकतचे. विरल द्रावण दहापट पातळ झाले, की त्यातला एक मोल पदार्थ वेगळा काढण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा सुमारे ५.७ किलोज्यूलने वाढते. ही आदर्श यंत्राची गोष्ट झाली. खऱ्या कारखान्यात पाणी उपसायचे, तापवायचे, गाळायचे असते आणि तो खर्च याच्या कित्येक पट होतो. मोरी धुण्याचे पाणी स्पेंटवॉशमध्ये सोडणारा माणूस एक नळ उघडतो. पण तो नळ उघडून तो निसर्गाकडून कर्ज काढत असतो.

मग हे प्रत्यक्षात होते काय?

होते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने स्पेंटवॉशमधून पोटॅश निवडक अवक्षेपणाने काढण्याची पद्धत विकसित केली आणि आपल्या महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगर येथील आसवनीत ती वापरून दाखवली.

दुसरा मार्ग आगीचा आहे. स्पेंटवॉश आटवून दाट करायचा आणि बॉयलरमध्ये जाळायचा. सेंद्रिय भाग जळून वाफ मिळते आणि राखेत पोटॅश उरते. ही कल्पना फार जुनी. लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवीत. म्हणून 'पॉट' आणि 'अ‍ॅश' मिळून पोटॅश हा शब्द झाला आणि १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यातून धातू वेगळा केल्यावर त्याचे नाव पोटॅशियम पडले. तुमची आजी चुलीतल्या राखेने भांडी घासत असे, तेव्हा हेच पोटॅश तिच्या हाताला लागत असे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मळीपासून मिळालेल्या पोटॅशचा खतांच्या अनुदान योजनेत समावेश केला. त्यात १४.५ टक्के पोटॅश असावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांनी ते खत कंपन्यांना टनाला ४,२६३ रुपये दराने विकावे, असा दर परस्परसंमतीने ठरला. म्हणजे कालचा कचरा आज दरपत्रकात आला.

दुसरी बाजू

येथवर वाचून तुम्हांला वाटेल, की आता प्रत्येक गटारातून लक्ष्मी काढावी. तसे वाटू नये, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

पहिली गोष्ट, पदार्थ परत मिळवणे आणि पाणी स्वच्छ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. स्पेंटवॉशमधून पोटॅश काढले, तरी त्याचा तपकिरी रंग, सेंद्रिय घाण आणि प्राणवायूची भूक कायम राहते. 'आम्ही पोटॅश काढतो' एवढे सांगून कोणालाही उरलेले पाणी ओढ्यात सोडता येणार नाही.

दुसरी गोष्ट, पकडणारा पदार्थ पकडलेल्या पदार्थाहून महाग असू नये. आपल्या प्रयोगातले टार्टारिक आम्ल पोटॅशपेक्षा कितीतरी महाग आहे. तसे खत विकले, तर दिवाळे निघेल. म्हणून साका बसवणारा पदार्थही परत मिळवून पुन्हा वापरता आला पाहिजे. हे ज्याला जमले, त्याची पद्धत टिकते. न जमले, तर ती प्रयोगशाळेच्या कपाटात राहते.

तिसरी गोष्ट, लहान कारखानदाराची अडचण खरी आहे. मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यात निकेल, तांबे, क्रोमियम यांच्या धुण्याचे पाणी एकाच नाल्यात जाते. प्रत्येकाला वेगळा हौद, वेगळा पाइप म्हणजे जागा आणि पैसा. म्हणून सगळे एकत्र करून त्यात चुना टाकतात. सगळे धातू एकदम खाली बसतात आणि पाणी पुष्कळसे निवळते. पण हाती येतो तो चिखल. त्यात निकेल आहे, तांबे आहे, क्रोमियम आहे आणि तरीही तो कोणालाच नको असतो. घातक कचरा म्हणून तो तळोजे किंवा रांजणगाव येथील केंद्रांसारख्या ठिकाणी पैसे देऊन पुरावा लागतो. वेगळे असते तर माल. एकत्र झाले म्हणून मढे.

या अडचणी मान्य करूनही माझे मत ठाम आहे. सांडपाण्याचा प्रश्न आपण चुकीच्या टोकाकडून सोडवतो आहोत. आधी सगळे एकत्र करायचे, त्यात पाणी घालायचे आणि मग शेवटच्या टोकाला मोठे यंत्र बसवून ते वेगळे करायचे, ही उलटी रीत झाली. मटकी, मूग आणि तांदूळ आधी एकाच पोत्यात ओतून मग निवडत बसण्यासारखे हे आहे. घरातली शहाणी बाई तसे करीत नाही. ती डबेच वेगळे ठेवते.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, जेथे पदार्थ पाण्यात पडतो, तेथेच ते पाणी वेगळे ठेवले जावे. लहान कारखान्यांना त्यासाठी लागणारे हौद आणि पाइप यांना मदत द्यावी. चिखल पुरण्यावर पुढे होणाऱ्या खर्चापेक्षा ती मदत शहाणपणाची ठरेल. दोन, लिटरमागच्या मिलिग्रॅमबरोबरच रोज किती किलो बाहेर गेले, ते लिहिले आणि जाहीर केले जावे. मिलिग्रॅम नळ उघडून कमी करता येतात. किलो तसे कमी होत नाहीत. तीन, परत मिळवलेल्या पदार्थाला भाव मिळावा. फुकट कोणी कळसा उचलत नाही.

आसवन्यांनी सगळा स्पेंटवॉश उपयोगात आणावा, तो नदीत जाऊ देऊ नये, हे धोरण २००३ मध्येच ठरले आहे. धोरण झाले, तंत्र झाले, दरही झाला. उरले ते पाहणारे डोळे आणि विचारणारी तोंडे.

ती तुमची आहेत. शाळेची सहल साखर कारखान्यात जाते, तेव्हा आपण उसाची मोळी, गाळप आणि साखरेचे पोते पाहून, मूठभर साखर खाऊन परत येतो. शिक्षकांना माझी विनंती आहे: या हंगामात गेलात तर आणखी अर्धा तास थांबा. विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न नम्रपणे विचारू द्या. येथून रोज किती पाणी निघते? त्यात कशाचे किती किलो असतात? कोणकोणती पाणी एकत्र होतात आणि कोठे? उत्तरे वहीत लिहून आणा, वर फळ्यावर केला तसा हिशेब करा आणि तो गावात वाचून दाखवा. यात कोणाशी भांडण नाही. कारखाना आपलाच आहे. आपले ऊस आणि आपली माणसे तेथे जातात. आपल्या घरच्या हिशेबाची वही आपण पाहतो, तशीच ही.

तो बाटलीवाला विद्यार्थी आता पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी आहे. त्याच्या मामाच्या विहिरीत ते पाणी कोठून आले, हे आम्हांला शोधता आले नाही. आम्ही तुरटी घालून पाहिली. थोडा गाळ बसला, रंग मात्र पुरता गेला नाही. बाटलीत आलेले पाणी फार उशिरा आलेले होते. त्याचे उत्तर विहिरीपाशी नव्हते. ते जेथे पहिल्यांदा दोन पाणी एकत्र झाली, तेथे होते.

त्याचा प्रश्न कोणी तुम्हांला विचारला, तर घाईत असलात तरी थांबा आणि सांगा: पाणी मिसळले की घाण कमी होत नाही, ती फक्त पसरते, आणि तिच्यात जे काही उपयोगाचे असते, तेही तिच्याबरोबर हरवते.